वळूच्या चित्राचा डबा

आधीच सांगून ठेवतो, हे तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. मला स्वतःला कधीकधी वाटत नाही, आणि मी तर तिथे उभा होतो, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि कमरेला गॅसचा मुखवटा लटकवून.

अशीच सुरुवात मी त्या दिवशीही केली. सौदीत, जुबैलला माझ्या पुतण्याकडे, शारीककडे, जुम्म्याचं जेवण होतं. त्याच्या बायकोने, निदाने, सांदणं आणि मटण केलं होतं. शारीकने ऑफिसातला एक इंजिनियर जेवायला आणला होता, तिशी उलटलेला, मान खाली घालून जेवणारा.

"जाफरचाचा, हा विनय. गुहागरकडचा," शारीक म्हणाला. "लढाईच्या साली याचे वडील तुमच्याच कॅम्पात होते. दत्ताराम सुतार."

सांदणाचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. मग मी मोठ्याने हसलो.

"दत्तारामचा मुलगा! अरे, मग तुला डब्याचा किस्सा माहीतच असणार."

"बाबा तिकडचं फारसं बोलत नाहीत," विनय म्हणाला.

फारसं बोलत नाही म्हणजे मैदान मोकळं. मी हात धुतले, तक्क्याला टेकलो आणि सुरू झालो.

नव्वद साल. रास तनुराच्या वाटेवर आमच्या कंत्राटदाराचा कॅम्प. मी लोखंडी पाइपांची मचाणं बांधायचो, दत्ताराम सुतारकाम करायचा. आम्ही दोघे आणि दाभोळचा आकिब, तो स्टोअरकीपर, एकाच केबिनमध्ये राहायचो. कुंपणापलीकडे गोऱ्यांचं बेसबॉलचं ग्राउंड. ऑगस्टात तिकडे कुवेत पडलं आणि इकडे आमच्या शुक्रवारच्या बाजारच्या बसेस बंद झाल्या. तीनशे माणसं, सुट्टीचा दिवस, करायचं काय? कुंपणाला नाक लावून आम्ही बेसबॉल बघायला लागलो.

"बेसबॉल म्हणजे नक्की काय हो चाचा?" निदाने विचारलं.

"क्रिकेटच, पण घाईत असलेलं. बॉलला टप्पा नाही, बॅट मुसळासारखी गोल, आणि आउट झालेला माणूस अंपायरच्या तोंडावर जाऊन ओरडतो. नियम आम्हाला दोन महिने कळले नाहीत. भांडणं मात्र पहिल्या शुक्रवारपासून जमली."

दोन टीम होत्या, लाल आणि निळी. लालमध्ये क्लाइड. क्रेनचा सुपरवायझर, मान अशी की शर्टाची वरची दोन बटणं कधी लागलीच नाहीत. निळ्यामध्ये रे, इलेक्ट्रिकलचा, काडीसारखा, पण बॉल टाकायचा तो साप सोडल्यासारखा. रे मला 'मिस्टर जाफर' म्हणायचा. अठरा वर्षं मी त्या वाळूत काढली, मिस्टर म्हणणारा तो पहिला गोरा. तेव्हा मी निळ्यांचा. दत्तारामने क्लाइडची चिरलेली बॅट सरस लावून, दोरा गुंडाळून, अशी जोडून दिली की क्लाइडने त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला 'बॉस' म्हटलं. तेव्हा दत्ताराम लालांचा. आमच्या निष्ठेचं मूळ एवढंच होतं, पण तिच्यासाठी आम्ही एकमेकांची आई-बहीण काढली.

कॅम्पाचं एक साप्ताहिक निघायचं. झेरॉक्सची दोन पानं, मेसच्या भिंतीवर चिकटवलेली. डॉब्स नावाचा इंग्रज टाइमकीपर ते लिहायचा. पहिल्या पानावर दर आठवड्याला क्लाइड. क्लाइड बॅट घेऊन, क्लाइड बॅट टाकून, क्लाइड नुसताच हसताना. माझ्या रेचं नाव दुसऱ्या पानावर, हरवलेल्या किल्ल्यांच्या जाहिरातीखाली. आकिब इंग्रजी वाचून आम्हाला हिंदीत सांगायचा.

"हा डॉब्स क्लाइडचा जावई आहे काय?" मी मेसमध्ये ओरडायचो.

"तुझ्या रेचा फोटो काढला तरी कागदावर उमटेल का?" दत्ताराम खुब्जची रोटी मोडत म्हणायचा. "आधी त्याला चार घास जास्त घाल."

"तुझ्या रेड्याला कमी घाल. मान बघ त्याची! मनुष्याची मान आहे ती? आतून काहीतरी घेतोय तो."

"काय घेतोय?"

"सुई."

दोन वर्षांपूर्वी सोलच्या ऑलिम्पिकात एका धावपटूचं सोन्याचं पदक काढून घेतलं होतं, ते सगळ्या जगाला ठाऊक होतं. स्टेरॉइड हा शब्द आमच्या मेसमधल्या भांडी घासणाऱ्यालाही येत होता. एकदा तो टेबलावर पडला की उचलणार कोण? सगळी मेस दुभंगली. केरळचे क्रेनवाले क्लाइडच्या बाजूने, पंजाबचे वायरमन रेच्या.

"सुईने दंड फुगेल," दत्ताराम म्हणायचा, "नजर फुगते का मेल्या? बॉल दिसायला तर पाहिजे!"

"दिसतो ना! तुझ्यासारखे आंधळे भक्त असले की देवाला सगळंच दिसतं."

"आणि तू? बॉल कुठे पडला ते तुला भिंतीवरचा कागद वाचून कळतं. तोही आकिबने वाचून दाखवल्यावर."

नोव्हेंबरपर्यंत आमचं बोलणं बंद झालं. एका केबिनमध्ये तीन माणसं, त्यातली दोन मुकी. "आकिब, त्याला सांग, माझ्या बादलीला हात लावू नको." "आकिब, त्याला सांग, बादली मीच दुरुस्त केलीय." बिचारा आकिब दिवसभर स्टोअरमध्ये बोल्ट मोजायचा आणि केबिनमध्ये आमचे निरोप पोचवायचा. विषारी वायूच्या भीतीने खिडक्या बंद करायला कंपनीने टेप वाटली, तेव्हा आम्ही खिडकी तशीच ठेवली आणि टेप जमिनीवर मधोमध लावली. या बाजूला मी, त्या बाजूला तो. आकिबची खाट बरोबर टेपवर.

"खिडकी उघडी?" शारीक म्हणाला. "गॅसचं काय?"

"गॅसशी आमचं भांडण नव्हतं."

निदा हसली. विनय पाणी प्यायला.

"तर डबा," मी म्हणालो. डिसेंबरात दत्तारामच्या गावचा एक माणूस सुट्टीवरून परत आला. त्याच्या हातून आईने, बायजाबाईने, पोराला नाचणीचं सत्त्व पाठवलं. आता नाचणीचं सत्त्व म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेलं वाळवायचं. बाळंतिणीला द्या, तान्ह्याला द्या. पण पाठवलं कशातून? आपल्याकडे रिकामा डबा कोणी टाकतं का? गोठ्यात गुरांच्या औषधाचा डबा होता, झाकण घट्ट बसणारा. म्हातारीने तो चिंचेने घासला, उन्हात तीन दिवस ठेवला आणि त्यात सत्त्व भरलं. डब्यावर हा एवढा वळू. छाती काढलेला, शिंगं रोखलेला.

"पिवळा डबा," विनय म्हणाला.

"पिवळा. बरोबर, पिवळा." मी त्याच्याकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता.

तेव्हा क्लाइडचं पोट बिघडलेलं होतं. मेसचं काही पचेना, अंगातली ताकद गेली, सलग दोन शुक्रवार बॉल बॅटला लागेना. डॉब्सने लगेच फोटो लहान केला. दत्तारामचा जीव कळवळला. सकाळी कामावर जाताना तो क्लाइडला थर्मासमधून सत्त्व द्यायला लागला, दुधात शिजवून, वरून गूळ घालून. क्लाइड रोज सुतारांच्या शेडमध्ये यायचा, तो वळूचा डबा बघायचा, खूश होऊन दंड दाखवायचा आणि प्यायचा. चौथ्या दिवसापासून काय सुटला तो! एक बॉल मेसच्या टाकीवर, एक मशिदीच्या पलीकडे. एक तर बहारीनला सापडला म्हणतात.

"चाचा!" निदा म्हणाली.

"बरं, बहारीनचं सोडून दे. पण पुढचं मात्र कसम खाऊन सांगतो."

जानेवारीत लढाई सुरू झाली. क्षेपणास्त्रं धहरानवर यायला लागली, सायरन वाजले की मुखवटे चढवायचे. पण शुक्रवारचा खेळ काही थांबला नाही. गोरे म्हणाले, सद्दामच्या भीतीने बेसबॉल थांबवला तर घरी काय तोंड दाखवणार? पंचवीस जानेवारीचा शुक्रवार. रेने बॉल सोडला, क्लाइडने बॅट फिरवली, आणि बॉल सरळ वर. वर, वर, अजून वर. आम्ही माना मोडून बघतोय, बॉल दिसेना. आणि तेवढ्यात सायरन! धहरानच्या रडारवर तो बॉल दिसला होता. सगळा पूर्व किनारा मुखवटे लावून जमिनीखाली गेला. अर्ध्या तासाने ऑल क्लिअर झालं, आम्ही बाहेर आलो, आणि तेव्हा तो बॉल खाली पडला. रे मुखवटा लावून, हात पसरून खालीच उभा होता. झेलला त्याने.

शारीक टाळ्या वाजवायला लागला. "मग आउट?"

"त्यावरच तर कत्तल झाली. लाल म्हणाले, सायरननंतरचा झेल मोजायचा नाही."

आता खरी गोष्ट ऐका. त्या दिवशी दुपारी मेसमध्ये कोणी जेवत नव्हतं, सगळे ओरडत होते. आणि डॉब्स उलटला. चार महिने ज्याला शेंदूर फासला त्याच्यावर त्याने दगड उचलला. कारण सांगू? लढाईबद्दल एक अक्षर छापायचं नाही असा वरून हुकूम होता. क्षेपणास्त्र कुठे पडलं ते नाही, किती माणसं पळून गेली ते नाही. मग दोन पानं भरायची कशाने? त्याने मथळा दिला, 'हे मनगट की सुई?' आकिबने वाचून दाखवलं आणि दत्ताराम उठून भिंतीकडे गेला. त्याने तो कागद टराटरा फाडला.

"ज्या हाताने देव केलात त्याच हाताने चोर करता?" तो हिंदीत ओरडला, सगळ्यांना कळावं म्हणून. "कुणी बघितली सुई? समोर या!"

कोणी पुढे येईना. मग मी उठलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोललो, तेही हिंदीत, तीनशे माणसांसमोर. "सुई कशाला पाहिजे? तुझा क्लाइड वळूचं औषध पितो! तुझ्याच डब्यातून!"

"चाचा, पण तुम्हाला तर माहीत होतं," निदा म्हणाली.

"माहीत होतं म्हणजे? नाचणीच आहे हे मला वासावरून कळलं होतं. पण भांडणात माणूस वासावर जातो का? टोमणा होता तो. आपल्या गावात एकाने दुसऱ्याला म्हटलं, तुला म्हशीचं इंजेक्शन दिलंय, तर कोणी पोलिसांत जातं का?"

इथे गेले. मेसमध्ये हसले फक्त आम्ही कोकणातले. बाकीच्यांनी तो जबाब धरला. शनिवारी सकाळी सिक्युरिटीवाले सुतारांच्या शेडमध्ये शिरले आणि डबा उचलून नेला. वर वळू, आत पांढरट भुकटी, आणि लढाईचे दिवस. स्टेरॉइड तर राहू द्या, डबा उघडणाऱ्या माणसाने मुखवटा लावला होता.

आता दत्तारामचं काय पणाला लागलं होतं ते नीट समजून घ्या. मुंबईत एजंटाच्या दारात सात वर्षं बसून त्याला हा व्हिसा मिळाला होता. येऊन अकरा महिने झाले होते. गोऱ्या साहेबाला चोरून औषधं पाजली असं कागदावर आलं की राहण्याचा इकामा रद्द, पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का, आणि वर व्हिसा देणारा कफील लिहून देणार, या माणसाला परत घेऊ नये. खलास. पुन्हा आखातात पाय नाही. घरी बायको सरोज, हा विनय तेव्हा सहा वर्षांचा, आणि म्हातारी. क्लाइडला कोणी हात लावणार नव्हतं, क्रेन थांबल्या असत्या. कोणीतरी जायला तर हवं होतं.

"क्लाइड काही बोलला नाही?" शारीकने विचारलं.

"बोलला ना. म्हणाला, मला दिलं ते मी प्यायलो, आत काय होतं मला काय माहीत. 'बॉस' म्हणणारा माणूस!"

सोमवारी कॅम्पच्या बॉसने ऑफिसात बोलावलं. बॉस, डॉब्स, सिक्युरिटीचा एक, दत्ताराम, आणि मी, कारण तो शब्द माझा होता. टेबलावर डबा. दत्तारामने डबा बॉसपुढे सरकवला. तो म्हणाला, "सर, फूड. बेबी फूड." डॉब्स हसला. मग दत्तारामने झाकणाच्या आतून एक चिठ्ठी काढली. घरून डबा आला की त्यात चिठ्ठी असतेच. सरोजने लिहिलेली, मराठीत.

बॉस म्हणाला, "तू वाचून काय उपयोग? तू तुझ्या सोयीचंच वाचशील. तुझा मित्र नसलेला कोणी वाचू दे." आकिब उर्दू शाळेतला, त्याला ती लिपी येत नव्हती. बाकीचे कोकणातले झाडून लालांचे, त्यांचं कोण ऐकणार? उरलो मी. दापोलीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, आणि सगळ्या कॅम्पाला माहीत असलेला त्याचा वैरी. मी जे म्हणेन ते खरं धरलं जाणार होतं.

दत्तारामने माझ्याकडे बघितलं. आकिबला मध्ये न घालता, मराठीत म्हणाला, "जाफर, वाच रे."

इथे मी थोडा थांबलो. गोष्टीत इथे थांबावं लागतं. निदाने चहाचे कप आणलेले तसेच हातात धरले होते.

"मग?"

मग मी उठलो, छाती पुढे काढली. म्हटलं, भांडण ग्राउंडवरचं, ते कुंपणापलीकडे. मी चिठ्ठी हातात घेतली आणि अशा खणखणीत आवाजात वाचली की बाहेर पाइप उतरवणारे थांबले. 'नाचणीचं सत्त्व. आईंनी स्वतः गाळून वाळवलं आहे. रोज सकाळी दोन चमचे दुधातून घ्यावं. डबा गुरांच्या औषधाचा आहे पण स्वच्छ धुतला आहे, मनात शंका आणू नये. विनयचा पुढचा दात पडला, तो त्याने तुम्हाला दाखवायला जपून ठेवला आहे.'

निदाचे डोळे ओले झाले. मला जोर चढला.

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. बॉसचा विश्वास बसेना, तेव्हा मी डबा उचलला आणि तीन मुठी कोरडं सत्त्व त्यांच्यासमोर तोंडात टाकलं. बॉसने स्वतः चमचाभर खाल्लं, आणि खाल्ल्यावर टेबलावर मूठ आपटली तर टेबलाचे दोन तुकडे! डॉब्स खुर्चीसकट मागे पडला. बॉसने एक्झिटचा कागद माझ्या हातात दिला, म्हणाला, मिस्टर जाफर, तुमच्या हाताने फाडा. मी फाडला. दत्ताराम माझ्या गळ्यात पडून रडला. आम्ही केबिनमध्ये जाऊन जमिनीवरची टेप काढली. आणि लढाई थांबली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एक मार्चच्या शुक्रवारी, गोऱ्यांनी दत्तारामला ग्राउंडवर नेलं, त्याच्या हातात बॅट दिली. आकाश तेलाच्या धुराने काळं, बॉल दिसेना, आणि या पठ्ठ्याने डोळे मिटून असा काही मारला, की...

"चाचा," विनय म्हणाला.

त्याने ताट बाजूला सारलं होतं. आवाज चढवला नव्हता, पण शारीक पुन्हा टाळ्या वाजवत होता, तो थांबला.

"एक मार्चला बाबा घरी होते. जेद्दापर्यंत बसने आणि तिथून एक्झिटवर, सहा फेब्रुवारीला घरी पोचले. त्यानंतर त्यांना कुणी व्हिसा दिला नाही. दात मी त्यांना हातात दिला होता, मला आठवतंय."

"अरे, तारीख इकडेतिकडे होते माणसाची, मी म्हातारा..."

"नाही, तुमची आठवण चांगली आहे. ती चिठ्ठी आईने जपून ठेवलीय, मी कितीदा वाचलीय. तुम्ही आत्ता शब्दन् शब्द बरोबर सांगितलीत, शंका आणू नये हेसुद्धा. म्हणजे बाबांनी एकदाच सांगितलं ते खरं, त्या दिवशी ऑफिसात तुम्ही ती पूर्ण वाचलीत. वाचलीत, घडी घालून टेबलावर ठेवलीत, आणि बॉसला म्हणालात, 'मला मराठी वाचता येत नाही.'"